वद्य दशमीची सहल

लढाई चालू असताना सहलीला जायचं म्हटलं तर पहिली अडचण पाकिस्तानची नसते, सासऱ्यांची असते.

१९७१ च्या डिसेंबरातली गोष्ट. माझं लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झालं होतं. माहेर इंदूर, सासर ग्वाल्हेर, तेही लष्करात. बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. लष्कर हा ग्वाल्हेरचाच एक भाग, दौलतराव शिंद्यांची छावणी पडली तिथे वसलेला. आमचं घर दौलतगंजात आणि घरातला मोठा मुलगा खऱ्याखुऱ्या लष्करात. "मुलगी लष्करात दिली आणि जावईही लष्करात," हा विनोद माझ्या वडिलांनी लग्नात निदान दहा जणांना ऐकवला होता.

हे ईएमईत होते. तोफा, गाड्या, रणगाडे दुरुस्त करणारी ती शाखा. लग्नानंतर जेमतेम तीन आठवडे घरी राहिले. दिवाळीला येणार होते, पण ऑक्टोबरात फौजा सीमेकडे हलल्या, रजा रद्द झाल्या आणि इंदूरला माझ्या आईने पहिल्या दिवाळसणाचा पाट मांडला तो रिकामाच राहिला. पत्ता काय, तर ५६ एपीओ, लष्करी टपालाचा नुसता आकडा. म्हणजे काश्मीरपासून राजस्थानपर्यंत कुठेही.

पत्रं दादांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावाने यायची. ते एकदा मनात वाचायचे, एकदा मोठ्याने. मग आई, म्हणजे सासूबाई, चष्मा लावून वाचायच्या. मग पत्र देवघराच्या कोनाड्यात जायचं आणि तिसऱ्या दिवशी कधीतरी, देवाची भांडी घासायच्या निमित्ताने, माझ्या हाती लागायचं. बायकोला वेगळं पत्र लिहायची त्या घरात पद्धत नव्हती. माझ्या वाट्याला शेवटची ओळ: "सौ. ची प्रकृती ठीक असेलच." त्या 'असेलच' वर मी पंधरा-पंधरा दिवस काढत असे.

३ डिसेंबरला, शुक्रवारी, लढाई अंगणात आली. दत्तजयंती नुकतीच झाली होती, चंद्र जवळजवळ पूर्ण. भोंगा झाला, सगळ्यांनी दिवे मालवले, आणि दारात येऊन बघतो तर गल्लीतला दगड न् दगड मोजता येत होता. असल्या चांदण्यात ब्लॅकआउट करून कोणाला फसवणार होतो कोण जाणे. रेडिओवर अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर अशी नावं आली आणि त्यांच्यात आग्रा आलं. आग्रा आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, आणि विमानतळ तर आमच्याही गावाला आहे, महाराजपुऱ्याला. मध्यरात्र उलटल्यावर इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या. तेव्हा डायलचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून रेडिओवर रजई होती आणि रजईच्या आत दादांचं डोकं होतं. आम्ही बाकीचे बाहेरून रजईकडे बघत ऐकत होतो.

त्या रात्रीपासून आईंचं जेवण तुटलं. पानावर बसायच्या, भाताची मूद मोडायच्या आणि उठायच्या. दिवसभर कान रेडिओला. छांबचं नाव आलं की आमचा छांबला. लोंगेवाल्याचं आलं की तिकडे. ५६ एपीओची ही खरी शिक्षा, मुलगा एका जागी नसून सगळ्या जागी असतो. मोहल्ल्यातल्या बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, आईंनीही खाकी लोकर आणली होती. सुया चालूच असायच्या. बुधवारी मी बघितलं, तर बाही गुडघ्याखाली पोचली होती. थांबायचंच विसरल्या होत्या.

माझं कोणी विचारत नव्हतं. ती तक्रार म्हणून सांगत नाही, तेव्हाचा रिवाजच तसा. नव्या सुनेने रडायचं ते मोरीत, नळ सोडून.

ती बाही बघितली त्या दिवशी मी ठरवलं की एक दिवस, फक्त एक दिवस, आईंना ह्या रेडिओपासून लांब न्यायचं. कार्तिकात आमच्याकडे दरवर्षी आवळीभोजन असे, तिघऱ्याला. त्या वर्षी झालं नव्हतं. ते आता करू.

दादा एजी ऑफिसातून निवृत्त झालेले. हिशेबतपासणीत उभा जन्म गेलेला. घरात त्यांनी भारताचा नकाशा लावला होता आणि ऑफिसातल्यासारख्या लाल-निळ्या पेन्सिलीने रोजच्या बातम्यांवर खुणा करत बसायचे. माझा बेत मी दिराच्या तोंडून कळवला, तर उत्तर आलं, "प्रस्ताव लेखी दे म्हणावं." मला वाटलं थट्टा आहे. नव्हती. दिराच्या वहीतलं पान फाडून मी कोण, कुठे, कधी, कशाने, सगळं लिहिलं आणि पानदानाखाली ठेवलं. संध्याकाळी ते परत आलं. समासात लाल पेन्सिलीने: "तिघरा अमान्य."

कारण तोंडी मिळालं. तिघऱ्याचं धरण १९१६ साली झालं आणि १९१७ च्या ऑगस्टात फुटलं. दादा तेव्हा आठ वर्षांचे. सांक नदीला आलेल्या त्या लोंढ्याच्या गोष्टी ऐकतच मोठे झालेले. "जे धरण पावसाने फुटतं, ते बॉम्बने फुटणार नाही? आणि लढाईत धरणाजवळ फिरकू तरी देतील का?" ह्यावर काय बोलणार? धरण केव्हाच दुरुस्त झालंय, अर्धं शहर त्याचंच पाणी पितं, हे मी मनातच म्हटलं.

दुसरा प्रस्ताव पढावली-मितावलीचा. जुनी देवळं आहेत, डोंगरीवर चौसष्ट योगिनींचं गोल मंदिर आहे. तो तर दोन मिनिटांत परतला. ह्या वेळी समासात एकच शब्द: "माधोसिंग."

आज हसू येतं, पण तेव्हा चंबळच्या बाजूला पाऊल टाकायचं तर पाकिस्तानी विमानांचा विचार नंतर, बागींचा, म्हणजे दरोडेखोरांचा, आधी. माधोसिंग, मोहरसिंग ही नावं आमच्याकडे मुलांना निजवायला वापरत. पुढच्याच एप्रिलमध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर त्यांनी बंदुका खाली ठेवल्या, पण डिसेंबरात ते कोणाला माहीत?

तोड निघाली ती दुधाच्या चरवीतून. आमचा दूधवाला बामोरकडच्या एका खेड्यातला. रोज पहाटे छोट्या आगगाडीने दूध घेऊन यायचा, घरोघरी घालायचा आणि रिकामे कॅन घेऊन परत जायचा. दूध मोजताना त्याने आईंचं विचारलं. मी सांगितलं, जेवत नाहीत. तो म्हणाला, "तो हमारे गाँव ले चलो अम्माजी को. कुआँ है, महादेव हैं, आँवले का पेड़ है. जाऊँगा मैं साथ में, छोड़ भी जाऊँगा." बागींचं विचारलं तर हसला. "हमारे यहाँ से क्या ले जाएँगे, भैंस?"

दादांना हे पटलं, कारण ह्यात जबाबदार इसम होता. बारा वर्षं दूध घालणारा, हिशेबात कधी पैशाचा फरक नसलेला. तरी निळ्या पेन्सिलीने एक शेरा आलाच: "दिवेलागणीच्या आत परत." दिवेलागण हा शब्द त्यांनी सवयीने लिहिला असावा. त्या महिन्यात दिवे लागतच नव्हते.

वार रविवार, १२ तारीख. सोमवारी एकादशी होती, म्हणजे दशमीलाच जाणं भाग. एकादशीला आवळीखाली बसून साबुदाणा खायचा तर घरीच बसलेलं बरं.

मग लोक काय म्हणतील ही पायरी आली. शेजारच्या काकूंनी कुणकुण लागताच विचारलंच, "मुलगा सीमेवर आणि सहल गं?" मला तिथल्या तिथे सुचलं ते मी बोलले, "सहल नाही काकू, नवस आहे." नवस म्हटल्यावर कोण काय बोलणार! काकूंनी उलट नारळ आणून दिला. साखर रेशनची, शिऱ्यापुरती जमेना, तर वरच्या बिऱ्हाडातून वाटीभर साखरही नवसाच्या खात्यावर आली. खोटं किती गोड असतं ते त्या दिवशी कळलं.

दीर सायकलवरून घोसीपुरा स्टेशनावर वेळ विचारून आला. तिथल्या बाबूने सांगितलं होतं, परतीची गाडी चारच्या पुढे कधीही. 'कधीही' हा शब्द आम्ही दादांपर्यंत पोचू दिला नाही.

एवढं सगळं जमवलं आणि शनिवारी रात्री आई म्हणाल्या, "मी नाही येत."

स्वयंपाकघरात एकच चिमणी, तिच्या काचेला तीन बाजूंनी खाकी कागद. मी दशम्यांसाठी दुधात कणीक भिजवत होते. आई पाटावर, सुया हातात.

"तुम्ही पोरं जा. तार आली तर?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या लेखी प्रस्तावात सगळं होतं, हे नव्हतं. मी कणीक मळत राहिले. पलीकडच्या खोलीत रेडिओ बंद झाला. दादा दारात आले. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सहसा येत नसत.

"मी दिवसभर ओट्यावर बसतो," ते म्हणाले. "तार आली, तर सही करून घेईन. फोडणार नाही. तू येईपर्यंत फोडणार नाही."

ज्या माणसाने त्या घरातलं एकही पाकीट दुसऱ्या कोणाला आधी उघडू दिलं नव्हतं, तो हे बोलत होता. आईंनी सुया खाली ठेवल्या. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "दशमीत तूप जरा जास्त घाल. प्रवासात वातड होतात."

सकाळी निघताना दादांनी तिघांना एकेक चिठ्ठी दिली. नाव, पत्ता आणि खाली "कळवावे". कशासाठी ते कोणी विचारलं नाही. दिराने खिशात टाकली, मी आणि आईंनी पोलक्यात.

छोटी गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगू! महाराज माधवराव शिंद्यांच्या काळातली, दोन फुटी रुळांची. त्याच महाराजांनी जयविलासात पंगतीच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरवली, आणि रयतेसाठी ही. थेट श्योपुरापर्यंत दोनशे किलोमीटर जायची, पण अशी की पोरं उतरून शेंगा तोडून पुन्हा चढत. डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागायचे. खिडक्यांना बाहेरून दुधाचे रिकामे कॅन टांगलेले, त्यांच्या तोंडात गवताचे बोळे कोंबलेले, येताना दूध हिंदकळू नये म्हणून. गाडी वळली की सगळे कॅन एकदम वाजत. टपावरही माणसं होती.

मोतीझीलच्या पुढे आई मला म्हणाल्या, "नवस कुणाला बोललीस गं?"

"महादेवाला."

"काय बोललीस?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. कोळशाचा कण डोळ्यात गेला, ते एक बरं झालं.

"काही बोलली नाहीसच ना?"

"नाही."

"मग आता बोल. चालत्या गाडीत बोललेला चालतो," त्या म्हणाल्या आणि स्वतः डोळे मिटून घेतले. मीही मिटले. आम्ही काय बोललो ते एकमेकींना कधी विचारलं नाही.

बामोर गावला उतरून मैल-दीड मैल बांधाबांधाने चाल. सरसों खांद्याला लागत होती, फुलायला नुकती सुरुवात, हिरव्यावर पिवळा शिंतोडा उडाल्यासारखी. गहू वीतभर. दूधवाला कॅन खांद्यावर घेऊन पुढे, मागे आई नऊवारीचा ओचा सावरत, त्यांच्या मागे मी पितळी डबा घेऊन आणि शेवटी दीर. मधे हरभऱ्याचं शेत लागलं आणि आई थांबल्या. वाकल्या. कोवळ्या शेंड्यावरून दोन बोटं फिरवली आणि चाटली.

"आंब आहे अजून," म्हणाल्या.

मला काही कळेना. मी शहरातली. मग त्यांनी सांगितलं, हरभऱ्यावर रात्रीच्या दवात आंबट खार धरतो. त्यांच्या माहेरी पहाटे शेतावर धुतलेलं फडकं पसरत आणि पिळून बाटलीत भरून ठेवत, पोटदुखीला. "ऊन चढलं की जाते. इथे सावलीत राहिली बघ." त्यांनी मलाही शेंडा तोडून दिला. जिभेला आंबट-खारट चटका बसला, दात शिवशिवले. आई तोवर भाजी खुडायला लागल्या होत्या, दोन्ही हातांनी, नुसती नखं चालवत. ओचा भरला तरी थांबेनात. पण ते थांबणं विसरणं वेगळं होतं, बाहीसारखं नव्हतं.

आवळीच्या खोडाला कच्च्या सुताचे फेरे तसेच होते, गावच्या बायकांनी कार्तिकात गुंडाळलेले. आईंनी त्यांवर हात फिरवला. "ह्यांची पूजा कधीच झाली. आपणच मागे राहिलो." हळदकुंकू वाहिलं, काकूंचा नारळ फोडला, आणि शेणीच्या विस्तवात वांगी टाकली. दूधवाल्याच्या आईने बाजरीच्या भाकऱ्या आणल्या, वर लोण्याचा गोळा. अमरूद आणले. माझ्या तोंडून 'जाम' निघालं, इंदूरला आम्ही तेच म्हणतो, त्यावर दीर हसला. आमच्या पुस्तकातला पेरू मात्र तिथे कोणालाच ठाऊक नव्हता.

आई जेवल्या. दीड भाकरी, भरीत, दोन दशम्या. मी मोजल्या. मोजताना त्यांनी मला पकडलं, पण काही बोलल्या नाहीत.

मी दिराला बजावलं होतं की लढाईचा शब्द काढायचा नाही. त्याने पाळलं. पण भिंड-मुरैन्याच्या मुलखात येऊन लढाई टाळायची हे माझं शहाणपण कसं होतं, ते जेवणानंतर कळलं. तिथे ज्या घरी विचाराल त्या घरचा एक तरी फौजेत. दूधवाल्याचा थोरला भाऊसुद्धा. मला बारा वर्षांच्या दुधात हे माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या सात महिन्यांच्या, पण आईंनाही माहीत नव्हतं. दूधवाल्याची अम्मा घरात गेली आणि धान्याच्या कोठीतून एक पत्र काढून आणलं. तीन दिवसांपासून आलेलं, वाचणारे मास्तर शहरात अडकलेले. तिने ते आईंच्या मांडीवर ठेवलं.

मला वाटलं, संपलं. आता पुन्हा सगळं सुरू होणार.

आईंनी चष्मा लावला. घडी उघडली. पेन्सिलीने लिहिलेलं हिंदी पत्र, पत्ता ५६ एपीओ. मोठ्याने वाचायला लागल्या. "यहाँ पर सब कुशल है. आप लोग चिंता मत करना. खाना अच्छा मिलता है. ठंड है, जर्सी मिल गई है." आणि थांबल्या. पुन्हा वरून वाचलं. माझ्याकडे बघितलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "हे आपलंच पत्र आहे!"

खरंच होतं. 'येथे सर्व क्षेम. काळजी नसावी. जेवण चांगले मिळते. थंडी आहे, जर्सी मिळाली.' नोव्हेंबरातलं पत्र, शब्दाला शब्द. आईंना हसू फुटलं. आधी नाकात, मग खांदे हलायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मेल्यांना कोणीतरी फळ्यावर लिहून देतंय आणि हे बसलेत उतरवत!"

अम्मा घाबरली. काय झालं, काय लिहिलंय? आईंनी तिला समजावलं, "हमारा वाला भी बिल्कुल यही लिखता है. जर्सी भी."

अम्माने क्षणभर विचार केला. "तो फिर दोनों ठीक हैं," म्हणाली.

असा निष्कर्ष दादांच्या नकाशावरून कधी निघाला नव्हता.

मग उत्तर लिहायचं ठरलं. दिराची वही, दिराचं पेन, आई लेखनिक. अम्मा सांगत होती: म्हैस व्याली, रेडा झाला. मागची भिंत पडली होती ती बांधली. छोट्याला खोकला होता, बरा आहे. मामाकडची सोयरीक जमली नाही, मुलगी शिकलेली मागतात. आई लिहीत होत्या आणि मधेच म्हणाल्या, "अपना ध्यान रखना, ऐसा लिखूँ?" अम्माने हात झटकला. "जे मत लिखो, बाए पता है." हे नको, त्याला ठाऊक आहे म्हणे. रेड्याबद्दल मात्र आणखी दोन ओळी लिहायला लावल्या. पाकिटावर आता पाच पैशांचं शरणार्थी मदतीचं जादा तिकीट लावावं लागतं, हे आईंनी दूधवाल्याला दोनदा बजावलं आणि तिकिटाचे पैसे कमरेच्या पिशवीतून स्वतः काढून दिले.

परतीची गाडी चारला आली नाही. पाचला आली नाही. सूर्य सरसोंमध्ये बुडाला, थंडी वाजायला लागली, दूधवाला फलाटावर फेऱ्या मारायला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. दिवेलागणीच्या आत! शेवटी आली ती अंधारात, डब्यांत दिवा नाही, गार्डच्या कंदिलालाही झाकण. पण इंजिनाच्या भट्टीचं काय करणार? फायरमन कोळसा टाकायला दार उघडायचा तेव्हा वरचा धूर लालभडक व्हायचा, शेतंच्या शेतं दिसायची. एक अख्खं शहर आम्ही खाकी कागदात गुंडाळलं होतं आणि हा लाल धूर त्याच्याकडे निघाला होता. आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांना झोपलेलं बघितलं, म्हणून मी खांदा हलवला नाही. मुंग्या आल्या तरी नाही.

घोसीपुऱ्याला एक टांगा मिळाला. कंदिलाला कागद, घोडा ओळखीच्या रस्त्यावर स्वतःच्या भरवशावर. चंद्र उगवायला मध्यरात्र उलटायची होती. वर चांदण्यांची एवढी गर्दी मी ग्वाल्हेरात पुन्हा कधी पाहिली नाही. एका वळणावर शिटी वाजली, "कौन है, बीड़ी बुझाओ!" टांगेवाल्याने विडी विझवली आणि दिसेनासे झालेल्या वॉर्डनला अंधारातच सलाम केला.

गल्लीच्या तोंडाशी उतरलो. कोणी दिसत नव्हतं, पण आमच्या ओट्यावरून खोकल्याचा आवाज आला. दादा शाल गुंडाळून बसले होते. किती वेळ झाला होता त्यांनाच माहीत. ते काही बोलायच्या आधी आई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काही नाही," दादा म्हणाले.

मग थोड्या वेळाने, नेहमीच्या आवाजात, "ही दिवेलागण का?"

"गाडी लेट," दीर म्हणाला.

"आणि हे ओच्यात काय?"

"हरभऱ्याची भाजी," आई म्हणाल्या. "बातम्या उद्या सांगा. आज नको."

त्या रात्री आईंनी अंधारात बसून हाताच्या अंदाजाने भाजी निवडली. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणजे ती शिजणार मंगळवारी, तोपर्यंत पिवळी पडेल, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. सकाळी दिराला उभं करून त्याच्या हाताला बाही लावली आणि वीतभर उसवली.

गुरुवारी, १६ तारखेला, ढाक्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडेही लढाई थांबली. खिडक्यांचे कागद काढले तरी खळीचे डाग महिनाभर राहिले. दादांनी नकाशा उतरवला नाही, नुसत्या पेन्सिली ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

पत्र आलं सोमवारी, २० तारखेला. दादा आंघोळीला गेले होते. पोस्टमनने हाक मारली, आई गेल्या. मी ओट्याच्या आत, तांदूळ निवडत. दादांच्याच नावाचं होतं, अक्षर ह्यांचं, ८ डिसेंबरचं. आईंनी ते उलटंपालटं केलं. चष्मा कपाळावर होता, तो डोळ्यांवर घेतला नाही. न्हाणीघरातून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

त्यांनी पत्र माझ्यापुढे धरलं. तसंच, न फोडलेलं.

"मला पाठ आहे ते," म्हणाल्या. "गच्चीवर जा. तांदूळ मी बघते."